कळ कुणाच्या हाती

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला, की पहिल्या आठवड्यात इलेक्ट्रिशियन येतो. खडू घेऊन तो भिंतीपुढे उभा राहतो आणि विचारतो, “पॉइंट कुठे कुठे काढायचे?” टीव्हीमागे सॉकेट किती, पलंगाशेजारी टू-वे हवा का, गिझरला सोळा अँपिअरचा पॉइंट कुठे, हे सगळं त्या तासाभरात ठरतं आणि पुढची पंधरा-वीस वर्षं घरातल्यांची बोटं त्याच बोर्डांवर पडत राहतात. अलीकडे या यादीत एका प्रश्नाची भर पडली आहे: “ऑटोमेशन करायचंय का?” त्यावर घरात जी चर्चा होते ती बहुधा तीन गोष्टींभोवती फिरते. खर्च किती, ॲप कसं दिसतं, आणि बोलून दिवे लागतात का. या लेखाचं म्हणणं असं आहे, की या तिन्हींच्या आधी एक चौथा प्रश्न विचारायला हवा. कळ दाबल्यापासून दिवा लागेपर्यंत हुकूम ज्या रस्त्याने जातो, तो रस्ता घराच्या उंबरठ्याच्या आत राहतो की बाहेर जातो? याचं उत्तर मिळालं, की कंपनी, किंमत आणि ॲप यांची निवड बरीच सोपी होते. ते न विचारता घेतलेली महागडी यंत्रणाही भाड्याच्या घरासारखी असते. मालकाच्या मनात आलं, की सामान उचलावं लागतं.

बाजारात सगळ्यात स्वस्त मिळणारा वाय-फाय बल्ब घेतला, तर हा रस्ता साधारण असा असतो. सोफ्यावर बसलेला माणूस फोनवरच्या ॲपमधलं चित्र दाबतो. निरोप घरातल्या राउटरवर जातो, तिथून इंटरनेटच्या तारेने घराबाहेर पडतो आणि बल्बच्या कंपनीने भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर पोहोचतो. तो सर्व्हर मुंबईत असेल, सिंगापुरात असेल, नाहीतर अमेरिकेत. हा फोन आणि हा बल्ब एकाच खात्याचे आहेत ना, याची तिथे खात्री होते. मग हुकूम उलट पावली त्याच राउटरमार्गे त्याच दिवाणखान्यात, सोफ्यापासून आठ फुटांवरच्या बल्बकडे येतो. सगळं सुरळीत असलं तर हे इतक्या झटपट होतं, की एवढा फेरा पडला हे जाणवतच नाही. जाणवतं ते या साखळीतली एखादी कडी निखळल्यावर. आणि या साखळीत घरमालकाच्या ताब्यात असलेल्या कड्या मोजून तीन आहेत: फोन, राउटर आणि बल्ब.

हे असंच असावं लागतं, असं मात्र नाही. घरातली उपकरणं दुरून चालवण्याची पहिली सर्वत्र पसरलेली पद्धत १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लेनरॉथेस इथल्या पिको इलेक्ट्रॉनिक्स या छोट्या कंपनीने तयार केली. कंपनीचा तो दहावा प्रकल्प, म्हणून नाव पडलं एक्स-१०. १९७८ पासून ती अमेरिकेत रेडिओ शॅकच्या दुकानांतून विकली जाऊ लागली. तिची कल्पना साधी होती. घरात विजेच्या तारा आधीच आहेत, तर निरोपही त्यांच्यावरूनच पाठवू. विजेचा दाब प्रत्येक फेऱ्यात शून्यावर येतो, त्या क्षणी १२० किलोहर्ट्झचा एक छोटा ठोका तारेवर सोडायचा. ठोका आहे की नाही, यावरून निरोप वाचायचा. सोळा घर-अक्षरं आणि प्रत्येकात सोळा क्रमांक, म्हणजे २५६ पत्ते. दोष भरपूर होते. एक हुकूम पोहोचायला पाऊण सेकंद लागे, तारेवरच्या गोंगाटात तो हरवून जाई, शेजाऱ्याचं घर-अक्षर तेच असलं तर त्याच्या बटणाने आपला दिवा लागे, आणि दिवा खरंच लागला का हे कळायला मार्ग नसे. पण या पद्धतीत खातं नव्हतं, सर्व्हर नव्हता, नोंदणी नव्हती. कंपनी हातोहात विकली जावो नाहीतर बुडो, भिंतीतलं मॉड्यूल आणि हातातलं बटण यांच्यात तिसरा कोणी नव्हता. त्या मॉड्यूलचा अंत त्याचे भाग झिजल्यावरच व्हायचा.

मग तिसरा आला कुठून? २०१४ च्या सुमारास शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी-८२६६ ही चिप बाजारात आली आणि कुठल्याही बटणाला वाय-फाय जोडणं अगदी स्वस्त झालं. मात्र घरातल्या राउटरच्या आड बसलेल्या उपकरणाशी बाहेरून थेट बोलता येत नाही. त्याने स्वतःहून बाहेरच्या कुणाशी तरी संधान बांधून ठेवावं लागतं. ऑफिसातून घरचा गिझर लावायची सोय द्यायची, तर मध्ये सर्व्हर असणं सगळ्यात सोपं. इथपर्यंत कारण तांत्रिक आहे आणि रास्तही. पण माणूस घरातच असताना हुकूम बाहेर पाठवायला तांत्रिक कारण नाही. तिथे धंद्याचं कारण आहे. सगळे हुकूम कंपनीच्या दारावरून गेले, की ग्राहक किती वाजता उठतो, किती वाजता झोपतो हे कंपनीला कळतं, आणि पुढेमागे मासिक वर्गणी लावायला जागा राहते. घरातली उपकरणं एकत्र जोडणारे हब विकणाऱ्या विंक या अमेरिकी कंपनीने मे २०२० मध्ये नेमकं हेच केलं. आधी विकलेल्या हबच्या वापरासाठी तिने महिना सुमारे पाच डॉलर मागितले.

कंपनी पैसे मागते तोवर निदान सौदा तरी चालू असतो. ती दार लावून घेते तेव्हा काय होतं, याची गेल्या दहा वर्षांतली उदाहरणं बोलकी आहेत. रिव्हॉल्व्ह नावाचा सुमारे तीनशे डॉलरचा हब बनवणारी कंपनी गुगलच्या छत्राखालच्या नेस्टने २०१४ मध्ये विकत घेतली आणि १५ मे २०१६ रोजी तो हब बंद केला. खोकं शाबूत होतं, त्यातले रेडिओ शाबूत होते, पण ॲप उघडेना. लोव्ज या दुकानसाखळीने आयरिस ही आपली यंत्रणा ३१ मार्च २०१९ रोजी थांबवली. तिने निदान ग्राहकांना पैसे परत दिले आणि आज्ञावली खुली केली. इन्स्टिऑनने एप्रिल २०२२ मध्ये आगाऊ सूचना न देता सर्व्हर बंद केले. या प्रसंगात एक गोष्ट विशेष पाहण्यासारखी आहे. इन्स्टिऑनचीच उपकरणं ज्यांनी घरातल्या संगणकावरून चालवायला घेतली होती, त्यांचे दिवे त्या दिवशीही लागत होते. ज्यांनी कंपनीच्या ॲपवर भिस्त ठेवली, त्यांचं वेळापत्रक कोलमडलं. पुढे जूनमध्ये ग्राहकांच्याच एका गटाने कंपनी घेतली आणि सर्व्हर पुन्हा चालू केले. बेल्किनने जुलै २०२५ मध्ये वीमो मालिकेतल्या बहुसंख्य उपकरणांची सर्व्हर-सेवा ३१ जानेवारी २०२६ रोजी संपेल असं जाहीर केलं, तेव्हा एक अपवादही सांगितला: जी उपकरणं त्याआधी ॲपलच्या होमकिटला जोडलेली असतील, ती त्यापुढेही चालतील. वस्तू तीच, कारखाना तोच, किंमत तीच. फरक फक्त हुकूम घरातल्या घरात राहतो की बाहेर जातो, एवढाच.

यावर एक आक्षेप येईल, की ही लहान किंवा या धंद्यात हौसेने उतरलेल्या कंपन्यांची गोष्ट आहे. नावाजलेल्या कंपनीचं घेतलं की झालं. वर आलेली नावं पाहिली तर या आक्षेपात फारसा दम उरत नाही, कारण त्यांत गुगलच्या घरातलं नाव आहे. नेस्टच्याच पहिल्या दोन पिढ्यांच्या थर्मोस्टॅटचा फोनशी असलेला संबंध २५ ऑक्टोबर २०२५ रोजी तुटला. भिंतीवर हाताने फिरवायचं यंत्र म्हणून ते उरले. मोठ्या कंपनीच्या दृष्टीने घरगुती उपकरणं हा अनेकांतला एक विभाग असतो, आणि विभाग बंद करणं तिला दिवाळं काढण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं. शिवाय कंपनी जिवंत असतानाही तिची यंत्रणा आजारी पडते. ७ डिसेंबर २०२१ रोजी ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या सर्व्हर-केंद्रात बिघाड झाला, तेव्हा रिंगचे दारावरचे कॅमेरे आणि रूम्बाचे झाडू मारणारे यंत्रमानव काही तास गप्प झाले. घरात वीज होती, इंटरनेटही होतं. कचरा मात्र जागच्या जागी राहिला.

आपल्याकडे या जागतिक कारणांत स्थानिक कारणांची भर पडते. लाइट जाते. घरच्या इन्व्हर्टरवर राउटर असला, तरी इमारतीच्या डक्टमधल्या किंवा खांबावरच्या पेटीला बॅटरी असेलच असं नाही. रस्ता खोदणाऱ्याला फायबरची केबल दिसत नाही. आणि कधी सरकारच इंटरनेट थांबवतं. कोल्हापुरात जून २०२३ मध्ये शहरात तणाव झाल्यावर सेवा बंद ठेवण्यात आली होती. अशा वेळी आधीच माणसं घरात अडकलेली असतात. त्यात पाण्याची मोटर फोनशिवाय लागत नसेल, तर ती यंत्रणा सोयीची म्हणता येणार नाही. लाइट परत येते तेव्हाचा प्रश्न वेगळा आहे आणि दुकानात तो कोणी विचारत नाही. पुष्कळ बल्ब वीज परत आली की पूर्ण उजेडाने पेटतात, कारण मूळ मांडणीच तशी असते. पहाटे तीनला लाइट आली, की घरातले झाडून सगळे बल्ब पेटून घरदार जागं होतं. वीज आल्यावर उपकरणाने आधीच्या स्थितीत जायचं, बंद राहायचं की चालू व्हायचं, हे ठरवता येतं का, हे लोडशेडिंगच्या प्रदेशात रंग बदलणाऱ्या एक कोटी साठ लाख छटांपेक्षा महत्त्वाचं आहे.

हुकूम घरात ठेवायचा ठरला, की पुढचा निर्णय बोर्डाच्या मागे होतो. बुद्धी बल्बमध्ये बसवायची की भिंतीतल्या कळीमागे? बल्बमध्ये बसवली, तर तिला सतत वीज लागते, म्हणजे भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवावं लागतं. भारतीय घरात हे टिकत नाही. कामाला येणाऱ्या मावशी जाताना दिवा बंद करतात, आजोबा तर बाहेर पडताना घरभर फिरून बटणं तपासतात, आणि त्यांचंच बरोबर आहे. त्यांनी बटण बंद केलं, की हुशार बल्ब आंधळा होतो. म्हणून आपल्याकडे बोर्डाच्या आत बसणारं मॉड्यूल अधिक शहाणपणाचं ठरतं. जुनं बटण तसंच राहतं, ते दाबलं की मॉड्यूलमधला रिले दिवा लावतो, आणि फोनवरून किंवा वेळापत्रकातूनही तोच रिले चालतो. त्यासाठी बोर्डात न्यूट्रल लागतो, कारण दिवा बंद असतानाही मॉड्यूलला जगायला वीज हवी. आपल्या बोर्डांत बहुधा सॉकेट असतं, त्यामुळे न्यूट्रल सापडतो. पण जिन्यातल्या किंवा पलंगाजवळच्या नुसत्या टू-वे बटणाच्या पेटीत तो अनेकदा नसतो. न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूलं मिळतात. ती दिव्यातूनच थोडा प्रवाह घेऊन जगतात आणि मग लहान एलईडी बंद केल्यावरही मिणमिणत राहतात. खोल मेटल बॉक्स आणि प्रत्येक पेटीत न्यूट्रल, या दोन गोष्टी भिंत उघडी असताना किरकोळ खर्चात होतात. रंग लावून झाल्यावर त्यांच्यासाठी भिंत फोडावी लागते.

भाराचा हिशेब तर सक्तीचाच आहे. आपल्याकडे दाब २३० व्होल्ट. दोन हजार वॅटचा साठवणीचा गिझर जवळपास पावणेनऊ अँपिअर ओढतो, तीन हजार वॅटचा इन्स्टंट तेरा. दहा अँपिअरच्या स्मार्ट प्लगवर तीन हजारांचा गिझर लावणं म्हणजे प्लास्टिक वितळण्याची वाट पाहणं. पाण्याच्या मोटरचं दुखणं आणखी वेगळं. चालू होण्याच्या क्षणी ती नेहमीच्या कैकपट प्रवाह ओढते, त्या ठिणगीने लहान रिलेचे संपर्क कधीतरी एकमेकांना चिकटतात, आणि मग ॲपमध्ये ‘बंद’ दिसत असताना मोटर चालूच राहते. टाकी वाहते, नाहीतर खालची टाकी रिकामी होऊन पंप कोरडा फिरतो. म्हणून मॉड्यूलने फक्त कॉन्टॅक्टर चालवावा आणि मोटरचा भार कॉन्टॅक्टरने उचलावा. टाकीतला जुना फ्लोट स्विच तर काढूच नये. ज्या तरंगत्या गोळ्याला इंटरनेट म्हणजे काय हे ठाऊक नाही, तोच इथे शेवटचा पहारेकरी आहे. पंख्याचीही तीच तऱ्हा. दिवा मंद करणारं मॉड्यूल पंख्याला लावलं तर तो गुणगुणतो. त्याला कपॅसिटरच्या पायऱ्यांचा रेग्युलेटर लागतो. बीएलडीसी पंख्याला तर रेग्युलेटर लावायचाच नसतो, त्याचं नियंत्रण त्याच्या पोटातच असतं. एसीला रिमोटचा इन्फ्रारेड किरण पाठवणारी डबी मिळते, पण किरण पोहोचला का हे तिला कळत नाही. एक्स-१० चा पन्नास वर्षांपूर्वीचा दोष इथे जसाच्या तसा परत आला आहे.

मग मॉड्यूलने बोलायचं कुठल्या भाषेत? वाय-फाय घरात आधीच असतं, म्हणून स्वस्त पडतं. पण चाळीस उपकरणं एका साध्या राउटरवर लटकवली, की तो दमतो. झिग्बी ही २००३ च्या आयईईई ८०२.१५.४ या रेडिओ-मानकावर उभी असलेली पद्धत. तिच्यात विजेवर चालणारं प्रत्येक उपकरण शेजाऱ्याचा निरोप पुढे पोहोचवतं, त्यामुळे जाळं विणलं जातं आणि दारावरचा लहानसा सेन्सर नाण्याएवढ्या बॅटरीवर दीर्घकाळ चालतो. पण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींना आपल्या आरसीसीच्या भिंती आणि शेजाऱ्यांच्या वाय-फायची गर्दी दोन्ही सोसावी लागतात. मूळच्या डॅनिश झेड-वेव्हच्या लहरी कमी वारंवारतेच्या, म्हणून भिंतींतून बऱ्या जातात. मात्र त्यात एक मेख आहे. ही वारंवारता देशागणिक बदलते: अमेरिकेत ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपास, भारतात ८६५. न्यू जर्सीहून येणाऱ्या मुलाने सुटकेसमधून हौसेने आणलेलं झेड-वेव्हचं बटण ठाण्यातल्या हबशी बोलणार नाही, शिवाय इथल्या परवानामुक्त पट्ट्याबाहेर ते वापरणं नियमातही बसत नाही. बंगला पायापासून बांधायचा असेल, तर केएनएक्स ही युरोपीय तारेची पद्धत आहे. प्रत्येक बटण आणि प्रत्येक रिले स्वतंत्र, मध्यवर्ती मेंदू नाहीच, आणि अनेक कंपन्यांचा माल एकमेकांत चालतो. ती महाग पडते आणि तारा भिंत बांधतानाच टाकाव्या लागतात. पण उंबरठ्याच्या कसोटीला ती पूर्ण उतरते.

या वेगवेगळ्या भाषांवर उपाय म्हणून ॲमेझॉन, ॲपल, गुगल आणि तेव्हाची झिग्बी अलायन्स यांनी डिसेंबर २०१९ मध्ये एकत्र येण्याची घोषणा केली आणि ४ ऑक्टोबर २०२२ रोजी मॅटर या मानकाची पहिली आवृत्ती आली. मॅटरची गंमत अशी, की उपकरण घरातल्या जाळ्यावर थेट बोलतं आणि एकाच वेळी एकाहून अधिक कंपन्यांच्या नियंत्रकांना जोडता येतं. ज्या कंपन्यांनी कुंपणं घातली, त्यांनाच फाटक ठेवणं भाग पडलं. म्हणून आज नवीन वस्तू घेताना खोक्यावर मॅटरची खूण शोधणं योग्यच आहे. पण तिच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. पहिल्या आवृत्तीत कॅमेरे नव्हतेच, आणि पंख्याचा झुला किंवा विजेची मोजणी अशा खास सोयी कंपन्या अजूनही स्वतःच्या ॲपमध्ये राखून ठेवू शकतात. खूण असली तरी दुकानात विचारायचंच: तुमचं खातं न उघडता हे चालतं का?

घरातल्या घरात चालणाऱ्या यंत्रणेला घरातला मेंदू लागतो. त्यातला सर्वाधिक प्रसिद्ध पर्याय होम असिस्टंट. पाउलुस स्खौटसेन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली ही मुक्त आज्ञावली पुस्तकाएवढ्या संगणकावर चालते, वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एका छताखाली आणते, आणि एप्रिल २०२४ पासून ती ओपन होम फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे आहे, म्हणजे ती उद्या कुणाला विकली जाण्याची धास्ती कमी. या पर्यायावरचा आक्षेप मात्र खरा आणि वजनदार आहे: हे सांभाळणार कोण? दर महिन्याची नवी आवृत्ती, बिघडलेलं मेमरी कार्ड, विसरलेला पासवर्ड. घरात एकाला याचं वेड असतं. तो नोकरीसाठी बेंगळुरूला किंवा जर्मनीला गेला, की मागे राहतात आईवडील आणि एक लुकलुकणारी डबी. कंपनीवरचं अवलंबित्व काढून मुलावरचं आणलं, तर फार काही कमावलं असं होत नाही.

या आक्षेपाला माझं उत्तर असं, की मेंदू जाईल हे गृहीत धरूनच घर बांधावं. मेंदू बंद पडला तर वेळापत्रक जाईल, फोनवरचं चित्र जाईल, पण भिंतीवरचं प्रत्येक बटण पूर्वीसारखं चाललं पाहिजे. बोर्डामागच्या मॉड्यूलचा आग्रह याचसाठी. या कसोटीवर मेंदू ही घराची चैन ठरते आणि कळ ही गरज. चैन आजारी पडली तर घर अडत नाही. ज्यांना मेंदू सांभाळायचा नाही त्यांनी मॅटर जाणणारा तयार हब घ्यावा आणि काम साधं ठेवावं. ज्यांना सांभाळायचा आहे त्यांनी बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवावा: कुठलं मॉड्यूल कुठे, कसं काढायचं, मूळ जोडणी कशी होती. पाच वर्षांनी येणाऱ्या अनोळखी इलेक्ट्रिशियनला त्या कागदाचा जितका उपयोग होईल, तितका कुठल्याही ॲपचा होणार नाही.

मुळात हा सगळा खटाटोप हवाच कशाला, असंही विचारलं जातं, आणि ते झटकून टाकण्यासारखं नाही. अमेरिकी इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी ‘मोअर वर्क फॉर मदर’ या १९८३ च्या पुस्तकात दाखवलं, की घरगुती यंत्रांनी गृहिणीचा वेळ अपेक्षेइतका वाचला नाही; स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या आणि पूर्वी इतरांनी केलेली कामंही तिच्या अंगावर आली. ऑटोमेशनचाही तसाच धोका आहे. वीज वाचेल म्हणून ते घेणाऱ्यांनी तर आधी पाटीवर हिशेब मांडावा. नऊ वॅटचा दिवा रोज चार तास उगाच जळत असेल, तर वर्षाला तेरा युनिट वाया जातात. घरात पंचवीस मॉड्यूलं बसवली आणि प्रत्येकाने नुसतं जागं राहायला अर्धा वॅट घेतला, तरी वर्षाला सुमारे ११० युनिट होतात. एक वॅट घेतला तर २१९. याउलट पंचाहत्तर वॅटचा जुना पंखा काढून तीस वॅटचा बीएलडीसी लावला, तर रोज बारा तास, वर्षात तीनशे दिवस, एवढ्या वापरात एकाच पंख्यामागे १६२ युनिट वाचतात. त्याला ॲप लागत नाही.

मग उरतं काय? जे उरतं ते मोलाचं आहे, फक्त जाहिरातीत कमी दिसतं. गुडघे धरलेल्या माणसाला रात्री उठल्यावर पायाशी आपोआप लागणारा मंद दिवा. हात चालत नसलेल्या माणसाला स्वतःचा पंखा स्वतः लावता येणं. टाकी भरली की थांबणारी मोटर, गॅस गळला की वाजणारी घंटा, एकट्या राहणाऱ्या आईने सकाळी दहापर्यंत स्वयंपाकघरातला दिवा लावला नाही तर मुलीच्या फोनवर जाणारा निरोप. या यादीत घराबाहेर जाण्याची खरी गरज फक्त शेवटच्या निरोपाला आहे. बाकी सगळं उंबरठ्याच्या आत होऊ शकतं. आणि यांतलं एकही काम चाळीस पॉइंटचं नाही. पाच-सहा जागी विचारपूर्वक केलेलं ऑटोमेशन बाकीच्या चौतीस जागच्या करमणुकीपेक्षा जास्त कामाला येतं. आवाजाने चालणाऱ्या यंत्रांचंही असंच. ॲमेझॉनची अलेक्सा भारतात २०१७ मध्ये आली, हिंदी २०१९ मध्ये शिकली. ज्या आजीसाठी हे घ्यायचं, तिने स्वतःच्या घरातला दिवा लावायला परक्या भाषेत विनवणी करावी, ही सोय कुणाची? भिंतीवरच्या कळीला सगळ्या भाषा येतात.

खाजगीपणाचा मुद्दा काढला, की “आमच्या घरात लपवण्यासारखं काय आहे” हे उत्तर ठरलेलं असतं. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ॲमेझॉनवर ठेवलेले आरोप या उत्तरापुढे ठेवावेत. मुलांच्या आवाजाची ध्वनिमुद्रणं गरजेपेक्षा जास्त काळ ठेवल्याच्या प्रकरणात कंपनीने अडीच कोटी डॉलर भरण्याचं मान्य केलं, आणि रिंग कॅमेऱ्यांतलं लोकांच्या घरातलं चित्रण कर्मचाऱ्यांना पाहता येत होतं या प्रकरणात ५८ लाख. २८ मार्च २०२५ पासून तर अलेक्साच्या इको यंत्रांवर ध्वनिमुद्रण बाहेर न पाठवण्याचा पर्यायच काढून घेण्यात आला. लपवण्यासारखं काही नसलं, तरी खिडकीला पडदा आपण लावतोच. शिवाय धोका फक्त आपल्यालाच नसतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घुसखोर आज्ञावलीने कारखान्यातूनच आलेले साधे पासवर्ड वापरून हजारो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्या फौजेने २१ ऑक्टोबरला संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळं कोट्यवधी लोकांसाठी बंद पडली. मालकांना पत्ताही नव्हता, की त्यांच्या दारावरचा कॅमेरा या दंगलीत सामील आहे.

इथे ग्राहकाच्या चतुराईला मर्यादा आहेत आणि कायद्याचं काम सुरू होतं. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सोपे, सर्वांना सारखे पासवर्ड देऊन अशी उपकरणं विकता येत नाहीत, आणि सुरक्षेच्या सुधारणा निदान कधीपर्यंत मिळतील हे विक्रेत्याला सांगावं लागतं. युरोपीय संघाचा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आलेला सायबर रेझिलियन्स कायदा सर्वसाधारणपणे निदान पाच वर्षांच्या पाठबळाची अट घालतो; त्याची मुख्य कलमं डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. आपल्याकडे छताच्या पंख्यावर ऊर्जेचे तारे २०२३ पासून सक्तीचे झाले आणि ग्राहक ते तारे मोजायला शिकला. तसाच एक आकडा ‘स्मार्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खोक्यावर असावा: ही वस्तू अमुक सालापर्यंत सांभाळू, आणि सर्व्हर बंद केला तरी ती एवढं एवढं काम करत राहील. औषधाच्या बाटलीवर मुदत छापलेली असते, मग भिंतीत गाडायच्या वस्तूवर का नसावी?

असा नियम येईपर्यंत ग्राहकाने एक परीक्षा दुकानातच घ्यावी. विक्रेता बटणं दाबून, पडदे सरकवून, दिव्यांचे रंग बदलून दाखवतो. ते पाहून झालं, की त्याला राउटरची इंटरनेटची तार काढायला सांगावी आणि तेच सगळं पुन्हा दाखवायला सांगावं. मग राउटरच बंद करायला सांगून भिंतीवरचं बटण दाबून पाहावं. शेवटी दुकानाचा मुख्य स्विच पाडून पुन्हा चढवायला सांगावा आणि कोणते दिवे आपोआप लागतात ते मोजावं. जो माल या तिन्ही फेऱ्यांत टिकेल, तो किमतीने थोडा जास्त असला तरी घ्यावा; जो पहिल्याच फेरीत गप्प होईल, तो फुकट मिळाला तरी बोर्डात बसवू नये. आणि काहीच घ्यायचं नाही असं ठरलं, तरी खडू घेऊन उभ्या असलेल्या इलेक्ट्रिशियनला एवढं सांगून ठेवावं: पेट्या खोल घे, प्रत्येकीत न्यूट्रल आण, आणि हॉलपासून माळ्यापर्यंत एक पाइप रिकामा सोड. त्या पाइपातून पुढे कुठली तार जाईल हे आज ठरवायची गरज नाही, पण ती घरातूनच घरात जाईल याची तजवीज त्याच दिवशी करता येते.